मार्गदर्शिकेच्या समासात

सकाळची शाळा भरली आहे आणि निम्मा वर्ग अजून जंगलात आहे.

मार्चचा मध्य. मेळघाटातलं, धारणी तालुक्यातलं एक कोरकू गाव. पानगळ झालेला साग उघडाबोडका उभा आहे. मोह मात्र गळतोय. फुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. नाहीतर गुरं खातात, उरलेली सुकून जातात. म्हणून झुंजुमुंजू होताच घरातली सगळी माणसं झाडाखाली असतात, पोरांसकट. डांबरी सडक सोडून शाळेकडे वळताना ती झाडांमधून दिसतात. वाकलेली, दोन्ही हातांनी वेचणारी. एका मुलीच्या पाठीवर दप्तर आहे आणि कमरेला टोपली. हवेत मोहाचा गोड, जड वास.

शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. वर पत्रे, पुढे व्हरांडा, कडेला स्वयंपाकाची खोली. हातपंपाजवळ दोन मुलं तोंड धुताहेत. एक दांडा दाबतो, दुसरा ओंजळ धरतो. मग अदलाबदल.

पहिली-दुसरीच्या खोलीत मॅडम टेबलाशी उभ्या आहेत. समोर शिक्षक मार्गदर्शिका उघडी. जाड पुस्तक, कडा वापरून वापरून मऊ पडलेल्या. पानाच्या डावीकडे वेळ छापली आहे: १० मिनिटं, १५ मिनिटं, २० मिनिटं. उजवीकडे ठळक अक्षरांत शिक्षकाने म्हणायची वाक्यं. त्याखाली मुलांकडून अपेक्षित असलेली उत्तरं. सोमवार ते शनिवार, पानामागून पान, सगळं ठरलेलं. आजच्या पानावर पहिला तुकडा नव्या अक्षराचा आहे. मॅडम तो वाचतात, त्यावर पेन्सिलीने बाण काढतात आणि खालच्या गोष्टीवर येतात.

मी विचारतो, क्रम का बदलला?

त्या दाराबाहेर हात दाखवतात. "नवं अक्षर आत्ता घेतलं तर मोहावर गेलेल्यांचं कायमचं राहते. गोष्ट मधातूनही पकडता येते. अक्षर नाही येत."

दार उघडंच आहे. पोरं येत राहतात. कुणी आत येताना थबकत नाही, कुणी त्यांना उभं करत नाही. हातांना मोहाचा चिकटपणा आहे. ते चड्डीला, फ्रॉकला पुसतात आणि सतरंजीवर जागा शोधतात.

गोष्ट समुद्रकाठच्या मुलीची आहे. ती शिंपले वेचते. मार्गदर्शिकेतला पहिला प्रश्न असा: समुद्रावर तुम्ही काय काय पाहिलं? या वर्गात समुद्र कुणीही पाहिलेला नाही. मॅडम प्रश्न वाचत नाहीत. त्या विचारतात, "सिपनेवर गेला होता ना परवा? काय काय दिसलं?"

सिपना ही इथली नदी. वर्ग एकदम जागा होतो. दगड. म्हशी. बगळा. पुढच्या रांगेतली एक मुलगी गुडघ्यांवर उभी राहून ओरडते, "काकू!"

"मासे," मॅडम म्हणतात. "काकू. मासे. किती मोठे?"

मुलगी हात फाकवते. शेजारचा तिचे हात धरून जवळ आणतो, इतके मोठे नव्हते म्हणून. भांडण होतं, अर्धं कोरकूत, अर्धं मराठीत. मॅडम ते चालू देतात. मग चित्र दाखवतात. नदीचं पाणी जिथे जाऊन मिळतं, ते हे. समुद्र. शब्द तीनदा म्हटला जातो. त्यांनी समुद्र वगळला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी सिपना, मग समुद्र, एवढाच बदल. पुस्तकाला जिथे पोचायचं होतं तिथेच त्या पोचल्या, फक्त मुलं निघू शकतील अशा जागेवरून निघाल्या.

स्वयंपाकाच्या मावशी तांदूळ निवडण्याचं ताट घेऊन दारात येऊन बसतात. हे रोजचं असावं. मॅडम गोष्टीचा एक तुकडा मराठीत सांगतात आणि थांबतात. मावशी तोच तुकडा कोरकूत सांगतात, मान वर न करता, बोटं तांदळात. मुलांचे चेहरे मॅडमकडून मावशींकडे आणि पुन्हा मॅडमकडे वळतात. शेंगदाण्याएवढा खडा सापडतो, मावशी तो बाहेर भिरकावतात आणि गोष्ट पुढे जाते.

कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी आणि मुंडारीची दूरची बहीण. २०११च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे ७ लाख २७ हजार लोक आहेत, मेळघाटात आणि सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशात. या खोलीत बसलेली सगळी मुलं त्यांच्यातली. पहिलीत येईपर्यंत बहुतेकांनी मराठी ऐकली आहे ती बाजारात, बसमध्ये आणि फोनवर. मार्गदर्शिका धरून चालते की मुलाला 'कमळ' हा शब्द येतो आणि फक्त त्याची अक्षरं शिकायची आहेत. इथे दोन्ही एकदम शिकायचं असतं, आणि घड्याळ तेच.

साडेआठ होतात. आता खोली भरली आहे. तिशीच्या आसपास मुलं, दोन इयत्ता, एक फळा. नियमाने एका शिक्षकामागे ३० मुलं, तेव्हा कागदावर सगळं ठीक आहे. पण मार्गदर्शिका दोन आहेत, पहिलीची वेगळी आणि दुसरीची वेगळी. दोन्हींतली मिनिटं मिळवली तर ती या सकाळीत बसत नाहीत. मॅडम दोन पुस्तकं एकावर एक ठेवतात. अक्षराचा भाग सगळ्यांना एकत्र. मग पहिली पाटीवर, दुसरी वाचनपुस्तकावर.

आज 'ख'. छापील चित्र खटाऱ्याचं. मॅडम पुस्तक मिटतात आणि मावशी ज्या बाजेला टेकून बसल्या आहेत तिच्याकडे बोट करतात. "खाट. पहिला आवाज कोणता?" ख. "हातात काय आहे माझ्या?" खडू. "मावशी आज काय शिजवणार?" खिचडी! हे उत्तर सर्वांत मोठ्याने येतं.

यापुढे मात्र त्या पुस्तकातलं काही सोडत नाहीत. मी करते, आपण करू, तुम्ही करा. छापलेला क्रम हाच आहे आणि तो इथे पायरीपायरीने चालतो. आधी त्या एकट्या अक्षर गिरवतात, खडू फळ्यावर चर्रकन वाजतो. मग सगळे हवेत बोट फिरवतात. मग एकेक जण. एकेक म्हणजे खरोखर एकेक. कोपऱ्यातला, नाक ओढणारा, खाली बघणारा मुलगाही सुटत नाही. त्याच्यापाशी त्या बसतात, त्याचं बोट धरतात, सोडतात. तो 'ख'चा पहिला भाग 'र'सारखा काढून थांबतो. त्या वाट पाहतात. वर्गही वाट पाहतो, कुणी खोकत नाही. तो दुसरा भाग जोडतो.

शिक्षकाने बोलायचं वाक्यन् वाक्य छापून देण्याची रीत नवी नाही. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वाचन शिकवण्याचे असे संच आहेत. केनियाने २०१५पासून देशभरच्या सरकारी शाळांत रोजचे पाठ छापून दिले. आपल्याकडे जुलै २०२१मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचेल, असं त्याचं ध्येय आहे आणि २०२६-२७ ही मुदत. त्यानंतर मार्गदर्शिका, कार्डं आणि तक्ते पेट्यांमधून गावोगाव पोचले. या पेट्यांची टिंगल मला करवत नाही. त्या यायच्या आधी अनेक वर्गांत पहिलीचं वर्ष बाराखडी घोकण्यात संपायचं आणि मूल दुसरीत जाऊनही 'मका' वाचू शकायचं नाही. आधी काय, मग काय, सराव किती, हे कुणीतरी नीट बसून ठरवून दिलं, याचा या वर्गाला उपयोग झाला आहे. तो समोर दिसतोय.

शब्दकार्डांची वेळ. गठ्ठ्यातून मॅडम एक कार्ड उचलतात. मागच्या आठवड्याची उजळणी. का, कू. मुलं आवाज जोडतात आणि वर्गात हसू फुटतं. कार्डावर नऊवारी नेसलेल्या बाईचं चित्र आहे. त्याखाली स्केचपेनने काढलेला मासा. मासा मॅडमचा. या कार्डाला दर वेळी असंच हसू येत असणार, कारण त्या ते मुद्दाम मधोमध ठेवतात.

मग त्या फळ्यावर चार शब्द लिहितात. हे कोणत्याही पेटीत नाहीत. डा. उरा. सिम. सिता. पाणी, घर, कोंबडी, कुत्रा. लिपी तीच, मात्रा त्याच, शब्द घरचे. आतापर्यंत 'ख'पाशी अडखळणारा मुलगा 'सिता' वाचतो आणि दाराकडे बघतो. दारात खरोखरच एक कुत्रा झोपलेला आहे. त्याने आवाज जोडले आणि अर्थ आपोआप आला. वाचणं म्हणतात ते हेच. मराठी शब्दांवर त्याला अजून निम्म्या वाटेवर थांबावं लागतं. आवाज जुळतात आणि पुढे काही उजळत नाही. इथे ती वाट पुरी झाली, एकदा तरी, आणि तिचा शेवट कसा असतो हे त्याला कळलं. उद्या तो 'खाट' वाचताना त्या शेवटाची वाट बघेल.

मागच्या भिंतीशी तीन मुलं वेगळी बसली आहेत. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कामाला गेलेली, होळीला परतलेली. होळी हा इथला सर्वांत मोठा सण. गाव सोडून गेलेले सगळे त्यासाठी येतात. मार्गदर्शिका या तिघांसाठी थांबली नाही. वर्ग आता शंभराव्या दिवसाच्या पुढे गेला आहे आणि ही मुलं अजून पन्नाशीच्या आत आहेत. त्यांनी आज काय करायचं, ते छापलेलं नाही. मॅडमनी त्यांच्यापुढे जुनं पान उघडलं आहे आणि दुसरीतली एक मुलगी त्यांच्यात बसवली आहे. लाल रिबिनीची, गंभीर. ती मॅडमचंच वाक्य मॅडमच्याच सुरात म्हणते, "मी करते. आपण करू." तिघं तिच्या बोटामागून जातात. चुकलं की ती कोरकूत रागावते.

मी शेजारच्या खोलीत जातो.

तिसरी-चौथी. सर खुर्चीत, मांडीवर फोन. कसलीशी ऑनलाइन माहिती आजच भरायची आहे आणि रेंज येते-जाते. ते उठून खिडकीपाशी जातात, फोन वर धरतात, परत बसतात. वर्ग एका सुरात उतारा म्हणतोय. आवाज मोठा आहे, ठेका छान आहे. मी एका मुलाच्या मागे उभा राहतो. त्याच्या पुस्तकाचं पान वेगळंच उघडं आहे. तोंड चालू आहे, डोळे बाहेर. मार्गदर्शिकेत आज इथे २० मिनिटं प्रत्येकाने स्वतंत्र वाचायची आहेत. सरांनी त्याजागी फळ्यावरून उतरवून घेणं ठेवलं आहे. मुलं गप्प बसतात, वह्या भरतात आणि माहिती भरली जाते.

हा बदल मला खटकतो. बदल दोन्ही खोल्यांत आहेत. पलीकडे मुलाला वाचता यावं म्हणून पुस्तक हलवलं, इथे नेमकं वाचणंच गळलं. सर आळशी नाहीत. दोन इयत्ता, शाळेचे सगळे अहवाल आणि आहाराचा हिशेब त्यांच्याच अंगावर आहे. पण त्या मुलाचं पान चुकीचं आहे आणि ते आज कुणी बघणार नाही.

असे बदल फक्त इथेच होतात असं नाही. १३ देशांतल्या १९ कार्यक्रमांचा एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. मार्गदर्शिका असलेल्या वर्गांत मुलं अधिक शिकली, हे त्यात दिसलं. शब्दन् शब्द लिहून दिलेल्या मार्गदर्शिकांपेक्षा थोडक्यात, सुटसुटीत लिहिलेल्या मार्गदर्शिका सरस ठरल्या, हेही दिसलं. आणि शिक्षक पाठात बदल करतातच, हेही.

दहा वाजून गेलेत. पत्रा तापून तडतडायला लागला आहे. खोलीत हवा हलत नाही. मॅडम वर्ग व्हरांड्यात आणतात. कडुनिंबाची सावली अर्ध्या व्हरांड्यापर्यंतच येते, तिच्यात दुसरीची रांग लागते. एक मिनिटाचं वाचन. फोनवर स्टॉपवॉच. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, अर्थासह, अशी अपेक्षा आहे. तिसरीला किमान ६०.

रांग भिंतीला चिकटून उभी आहे. पुढच्याचा नंबर आला की मागचे सगळे एक पाऊल सरकतात. ओठ हलताहेत. पुढचा वाचतो तो उतारा ऐकून पाठ होतोय, हे मॅडमना माहीत आहे. त्यांच्या हाताखाली वेगवेगळे उतारे आहेत आणि त्या प्रत्येकाला वेगळा देतात.

पहिला मुलगा धावत सुटतो. विराम नाही, श्वास नाही. मिनिट संपतं. "कोण कुठे गेलं होतं गोष्टीत?" तो गप्प. मॅडम आकडा लिहितात आणि त्यापुढे छोटीशी फुली. पुढची मुलगी हळू वाचते. 'घरासमोरच्या' या शब्दापाशी बराच वेळ जातो. मोजणीत तो एकच शब्द. मराठीत नामाला प्रत्यय लागतात, अव्ययं चिकटतात, शब्द लांबत जातो. हा एक शब्द पार करणं म्हणजे तीन पायऱ्या चढणं आहे आणि गुण एकाच पायरीचा. ती 'शाळा'चं 'शाला' वाचते, 'पाणी'चं 'पानी'. तपासणीच्या कोष्टकाप्रमाणे हे दोन दोष. मॅडम पेन्सिल उचलतात आणि खाली ठेवतात.

"हे दोष नाही धरत मी," त्या म्हणतात. "अक्षर तिनं ओळखलं, अर्थ तिला समजला. पानी तर माझी आईबी म्हनते." शेवटचं वाक्य त्या मुद्दाम घरच्या वऱ्हाडीत म्हणतात.

मुलगी गोष्ट सांगते. बाई पाणी आणायला गेली, हंडा फुटला, मग पोरीने डबा दिला. सगळं बरोबर, क्रमाने. मॅडम तिच्या आकड्यापुढे गोल करतात. वर पाठवायच्या अर्जात आकड्याला रकाना आहे. फुलीला आणि गोलाला नाही. त्यांच्या वहीत आहे.

रांग संपत येते तोवर सावली सरकून पायरीवर गेली आहे. स्वयंपाकाच्या खोलीतून खिचडीच्या फोडणीचा खमंग धूर येतो आणि दुसरी रांग आपोआप लागते, ताटल्यांची. मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ. मावशी डाव बुडवतात, ताटली भरते, पुढची सरकते. मघाची लाल रिबिनीची मुलगी आपल्या तिघांना पुढे घालते. काही मुलं जेवून लगेच धावत सुटतील, बकऱ्यांकडे. नळाखाली ताटल्या खळखळतात. मग अंगण रिकामं होतं आणि ऊन तेवढं उरतं.

मॅडम आता पहिल्यांदा बसतात. मार्गदर्शिका माझ्याकडे सरकवतात. मी पानं चाळतो. समासात सगळीकडे पेन्सिल. 'जहाज नको, डोंगा.' 'हे दोन दिवस घेतले.' 'पोळा, आले नाहीत.' 'घोकलं, समजलं नाही, पुन्हा.' 'मावशीला विचारणे.' एका पानावर नुसतं 'फार छान पाठ' आणि खाली रेघ. ज्यांनी तो पाठ लिहिला त्यांना ही रेघ कधी दिसणार नाही. जिथे पाठ अडला तेही दिसणार नाही. पुढच्या वर्षी पुस्तक पुन्हा छापलं जाईल, तेव्हा खटारा खटाराच राहील. वरून खाली पुस्तकं येण्याची सोय चोख आहे. खालून वर ही पेन्सिल जाण्याची सोय करायला हवी, आणि ती करणं महाग नाही.

मोटारसायकल थांबते. केंद्रप्रमुख. रुमालाने मान पुसतात, पाणी पितात, फोनवर तपासणीचा अर्ज उघडतात. रेंज नाही. थांबतात. पहिलाच प्रश्न: आजचा तास मार्गदर्शिकेनुसार झाला का? हो किंवा नाही.

"हो म्हणू की नाही, सर?" मॅडम विचारतात. आवाजात भीती नाही, प्रश्न खरा आहे. "पाठ तोच घेतला. गोष्ट आधी घेतली. खटारा काढला, खाट घातली. तिघांना जुना पाठ दिला."

ते फोन खाली ठेवतात. पुस्तक ओढून घेतात, समास वाचायला लागतात. एक पान, दुसरं पान. एका नोंदीवर हसतात. स्वतःही शिक्षकच होते ते, वीसेक वर्षं. "हे अक्षर पुढं ढकललं ते बरं केलं," म्हणतात. मग फोनचा कॅमेरा उघडून एकेका पानाचा फोटो घेतात. "शिक्षण परिषदेत हे मांडता का, मॅडम? आपल्या केंद्रात बाकीच्या शाळांनाबी हाच खटारा आलाय."

"मांडते. पण मावशींनाबी घेऊन येईन. कोरकूचं त्या सांगतील."

"त्यांचा रोज बुडेल."

"तो द्या मग."

केंद्रप्रमुख डायरी काढतात आणि लिहून घेतात. मॅडमनी तोवर पुस्तक परत ओढून उद्याचं पान उघडलं आहे. उद्या 'घ', चित्र घड्याळाचं. परवा बाजार, निम्मी पोरं येणार नाहीत. त्या परवाचं अक्षर खोडतात आणि त्यापुढे लिहितात: नवं अक्षर नाही, एकेकाला वाचायला लावणे.